क्रियापद कोणाचं ऐकतं

एकतीस वर्षं मी पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरात लेकीकडे वाघोलीला राहायला आले. पेठेतल्या शेजाऱ्यांनी मला निरोप दिला तो परगावी चालल्यासारखा. "पुण्याला आलात की घरी या," असं एकजण म्हणाल्या. वाघोलीसुद्धा पुण्यातच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते पटलंच नसतं.

शाळेत मला सगळे 'बाई' म्हणत. लेकीच्या घरी 'बाई आल्या' याचा अर्थ पोळ्यांच्या बाई आल्या असा होता. पहिले काही दिवस बेल वाजून लेक तसं म्हणाली की मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून उठायला लागायचे. मग कळायचं, आपल्याला नव्हे. हसू यायचं, आणि थोडं वाईटही वाटायचं. लेक आणि जावई दिवसभर लॅपटॉपसमोर, सहा वर्षांची नात शाळेत. घरात माझ्यासाठी जागा होती, पण काम नव्हतं.

पोळ्यांच्या बाई म्हणजे पस्तिशीची, किडकिडीत बांध्याची एक बाई. मूळची वाशिमकडची. नवरा नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात, म्हणून नऊ वर्षांपासून इकडे. सकाळी साडेनऊला यायची, कणीक मळून वीस पोळ्या लाटायची, एक भाजी करायची आणि पुढच्या घरी जायची. बोलणं कमी. मला काकू म्हणायची.

मे महिन्याच्या शेवटी एक दिवस ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं.

"काकू, मी नापास झाली," ती म्हणाली.

मला वाटलं, मुलीबद्दल बोलते आहे. तिची मुलगी नववीत होती. पण नापास ती स्वतः झाली होती. बाहेरून फॉर्म भरून, कुणाला न सांगता, ती बारावीला बसली होती. अंगणवाडीत मदतनीस व्हायचं तिच्या मनात होतं आणि त्याला बारावी लागते असं तिला कळलं होतं. बाकी सगळ्या विषयांत पास झाली होती. राहिला होता एकच.

"कोणता?"

तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मराठी."

आणि मग जरा वेळाने, "इंग्रजी निघालं. माझीच भाषा आणि तिच्यातच मी नापास. नवरा हसून राहिला कालपासून."

पुरवणी परीक्षा जूनच्या अखेरीस होती. मी तिला म्हटलं, एवढंच ना, मी शिकवते. एकतीस वर्षं हेच केलं आहे. माझ्या आवाजात जरा ऐटच आली असावी. किती दिवसांनी कुणाला तरी माझ्याकडच्या गोष्टीची गरज पडली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती पोळ्या झाल्यावर अर्धा तास थांबू लागली. धडे आणि कविता तिला समजत होत्या. तिची गाडी अडायची ती व्याकरणात, त्यातही 'प्रयोग' या प्रकरणात. वाक्यातलं क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, की कर्माप्रमाणे, की कुणाप्रमाणेच बदलत नाही, ते ओळखायचं, एवढंच खरं तर त्यात असतं. पहिला कर्तरी, दुसरा कर्मणी, तिसरा भावे. मी शाळेत जसं सांगायचे तसंच तिला सांगितलं. व्याख्या लिहून दिल्या, पाठ करायला लावल्या. ती पाठ करून आली. अडखळली नाही. मग मी एक वाक्य दिलं आणि प्रयोग विचारला, तर तिने तिन्हींपैकी एक नाव अंदाजाने ठोकून दिलं.

शाळेतही असंच व्हायचं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मुली व्याख्या घडाघडा म्हणायच्या आणि निम्म्या जणी वाक्य समोर आलं की छताकडे बघायच्या. मी त्याचा दोष मुलींना देत आले होते.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी तिला म्हटलं, स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहा. तिने वहीत लिहिलं, 'मीनं पत्र लिहिलं.'

पुण्यात वाढलेल्या माणसाच्या जिभेला एक सवय असते. समोरच्याचं चुकलं की सरळ दुरुस्त करायचं नाही, टोचून दुरुस्त करायचं. मी वही हातात घेतली आणि म्हटलं, "मीन ही रास आहे, अहो. सर्वनाम नव्हे."

आतल्या खोलीत लेक कामात होती. तिला हसू आलेलं ऐकू आलं. पोळ्यांच्या बाईने माझ्या हातातून वही घेतली, बंद केली, पिशवीत ठेवली. "येते," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, पोळ्या केल्या, ओटा पुसला. मी खुर्ची ओढून बसले तर म्हणाली, "नाही काकू, राहू द्या. उशीर होते." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी विचारलंच नाही.

मी लेकीला म्हटलं, "एवढं काय लागायचं? गमतीत बोलले मी."

लेक लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "आई, माझ्या निबंधांवर तू काय काय लिहायचीस ते आठवतं का तुला? दहावीनंतर मी मराठीत एक ओळ लिहिलेली नाही. तुझ्या लक्षात तरी आलं होतं का?"

नव्हतं आलं. मी बाल्कनीत जाऊन बसले. समोर नवीन इमारतीचं काम चाललं होतं, तिकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत किती वह्यांवर मी काय काय लिहिलं असेल, याचा त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला.

नातीला सुट्टी होती. तिची शाळा इंग्रजी, त्यामुळे सुट्टीत रोज सकाळी मराठीत एक गोष्ट, असा आमचा दोघींचा करार होता. मी सांगायची आणि मग तिने मला परत सांगायची. त्या आठवड्यात म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट चालली होती. हडकुळी म्हातारी जंगलातून लेकीकडे निघते, वाटेत वाघ खायला येतो, म्हातारी त्याला सांगते की आत्ता नको, लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. आणि परत येते ती भोपळ्यात बसून. ही गोष्ट मी आईकडून ऐकली, लेकीला सांगितली, आता नातीला सांगत होते. इतक्या वेळा सांगितली होती की ती सांगताना माझं लक्ष दुसरीकडे असलं तरी चालायचं.

त्या सकाळी नात सोफ्यावर उभी राहून मला गोष्ट सांगत होती. स्वयंपाकघरात पोळ्या चालल्या होत्या.

"मग म्हातारीने गेली जंगलातून," नात म्हणाली.

"म्हातारी गेली," मी दुरुस्त केलं.

"मग म्हातारी खूप तूप खाल्ली."

"म्हातारीने खूप तूप खाल्लं."

नात थांबली. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आजी, तू एकदा 'ने' काढतेस आणि एकदा 'ने' लावतेस. कधी काढायचा आणि कधी लावायचा ते आधी सांग ना."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सकर्मक धातू, भूतकाळ, तृतीया विभक्ती असं सगळं ओठांवर आलं आणि समोरच्या सहा वर्षांच्या चेहऱ्याकडे बघून परत गेलं. मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगता येत नव्हतं.

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला होता.

"इकडे ये," आतून आवाज आला. नात धावत आत गेली, तिच्यामागून मी. पोळ्यांची बाई ओट्यापाशी उभी होती, हात पिठाचे.

"गेली म्हटलं, तर कोण गेली? म्हातारी. म्हातारा असता तर काय म्हटलं असतं?"

"गेला," नात म्हणाली.

"म्हणजे ते 'गेली' म्हातारीकडे पाहून बोलते, तिचं ऐकते. आता तूप खाल्लं. तुपाच्या जागी पोळी असती तर?"

"खाल्ली."

"लाडू असता तर?"

"खाल्ला."

"पाहिलं? आता ते म्हातारीचं ऐकत नाही, खायच्या वस्तूचं ऐकते. म्हातारीच्या जागी म्हातारा केला तरी लाडू खाल्लाच."

"म्हातारीचं का नाही ऐकत?" नातीने विचारलं.

विचार करताना तिने कणकेचा गोळा हातात फिरवला. "तिला शेपूट लागलं ना. 'म्हातारीने.' शेपूट लागलं की तिचं ऐकणं बंद."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. शेपूट. एकतीस वर्षांत मला हा शब्द सुचला नव्हता. मी न राहवून विचारलं, "आणि 'म्हातारीने वाघाला फसवलं'?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं.

"वाघिणीला फसवलं," ती स्वतःशीच बोलू लागली. "चार वाघांना फसवलं. म्हाताऱ्याने फसवलं. फसवलंच राहते, बदलतच नाही. काहून?" आणि मग हळूच, "वाघालेही शेपूट आहे. 'वाघाला.' दोघांलेही शेपूट लागलं, आता ऐकायचं कोणाचं? कोणाचंच नाही. ज्याले शेपूट नाही त्याचंच ते ऐकते, काकू. आणि बिनशेपटीचं कोणी नसलं तं ते एकटंच राहते."

"पण वाघाला तर शेपूट असतंच," नात म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. तव्यावरची पोळी करपली होती, ती नातीने मागून घेतली.

मी म्हटलं, "तुम्ही आत्ता कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तिन्ही प्रयोग समजावून सांगितलेत. पुस्तकात याला दोन पानं लागतात."

"हेच आहे ते?" तिने विचारलं. "मग त्याले एवढी मोठी नावं काहून देतात?"

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून वही आणली. पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली. मला माफी मागायची होती, पण ती कशी मागतात याचा मला सराव नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही पाठ्यपुस्तकातली वाक्यं बाजूला ठेवली. सगळं व्याकरण म्हातारीच्या गोष्टीतूनच करायचं ठरलं. वेळ वाचावा म्हणून पोळ्या मी लाटू लागले आणि ती शेजारी स्टुलावर बसून वाक्यं लिहू लागली. माझ्या पोळ्यांच्या आकारावर जावयाने एकदा काही बोलायला सुरुवात केली होती, लेकीने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

आधी वाक्य फोडायला शिकलो. कोणाबद्दल बोलतोय ते एका बाजूला, त्याच्याबद्दल काय बोलतोय ते दुसऱ्या बाजूला. 'जंगलातला भुकेला वाघ म्हातारीची रोज वाट पाहत होता.' तिने रेघ मारली, वाघाच्या पुढे. डावीकडे जंगलातला भुकेला वाघ, उजवीकडे त्याचं वाट पाहणं. मग डावीकडची एकेक वस्तू काढून बघायची, वाक्य उभं राहतं का. भुकेला काढला, राहतं. जंगलातला काढला, राहतं. वाघ काढला की पडतं. "म्हणजे वाघ हा खांब आहे," ती म्हणाली, "बाकी सजावट."

मग वाक्यरूपांतर आलं. प्रश्नार्थक वाक्याचं विधानार्थी करा, अर्थ बदलू नका. मी वाक्य दिलं, 'या भोपळ्यात कुठली आली आहे म्हातारी?' तिने लिहिलं, 'या भोपळ्यात म्हातारी नाही.' बरोबर होतं. पण तिचं समाधान होईना.

"काकू, म्हातारी तर भोपळ्यात होती. म्हणजे उत्तर बरोबर आणि वाक्य खोटं?"

"अर्थ बदलायचा नाही, एवढीच अट आहे," मी म्हटलं. "आधीचं वाक्यही खोटंच होतं."

तिला ते फार आवडलं. आठवडाभर ती घरात काही ना काही खोटं शोधून त्याचं रूपांतर करत होती.

मग मिश्र वाक्याचा दिवस आला. एक मुख्य वाक्य आणि त्याच्यावर टेकलेलं एक गौण वाक्य. मी गोष्टीतलंच घेतलं, म्हातारी वाघाला म्हणते, 'मी धष्टपुष्ट होऊन आले की तू मला खा.' तिने मुख्य वाक्याखाली रेघ मारली, 'तू मला खा'. गौण वाक्याला कंस केला, 'मी धष्टपुष्ट होऊन आले की'. मग पेन्सिल तशीच धरून बसली.

"वाघाने मुख्य वाक्य ऐकलं," ती म्हणाली. "म्हातारीचा जीव गौण वाक्यात होता."

मी लाटणं थांबवलं.

"माझ्या बाबांनी मला पण असंच म्हटलं होतं," ती पुढे म्हणाली. "अकरावीत होती मी. म्हणाले, लग्न झालं की शिक. मी मुख्य वाक्य ऐकलं, शिक. बाकी सतरा वर्षं त्या गौण वाक्यात गेली."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादं उदाहरण द्यावं तसं तिने ते सांगितलं. मी पुढची पोळी लाटायला घेतली आणि ती पुढचं वाक्य लिहायला लागली.

परीक्षेला आठवडा राहिला असताना एका सकाळी ती वेळेच्या आधीच आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "काकू, शेपटीचा नियम चुकला."

"काय झालं?"

"'मी भोपळा पोखरला.' रात्रभर विचार केला मी. 'मी'ला शेपूट नाही. मग क्रियापदाने माझं ऐकायला पाहिजे. पण मी बाई आहे आणि भोपळा पोखरला, पोखरली नाही. म्हणजे भोपळ्याचं ऐकते. मग मी कुठे गेली?"

प्रश्न अचूक होता. शाळेत मी याला अपवाद म्हणून सांगायचे, किंवा खरं म्हणजे सांगतच नव्हते. कुठल्याच मुलीने विचारलं नव्हतं.

"यात 'मी'ची शेपटी लपलेली असते," मी म्हणाले. "दिसत नाही, पण असते."

"आमच्याकडे दिसते," ती म्हणाली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मीनं भोपळा पोखरला. आम्ही असंच म्हणतो. तुम्ही हसल्या होत्या."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले, तिच्या जागेवर.

मला कॉलेजातले वर्ग आठवले. जुन्या पोथ्यांमध्ये 'मी'च्या जागी 'म्यां' येतं, हे मी स्वतः परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. म्हणजे ती शेपटी पूर्वी सगळ्यांच्याच बोलण्यात होती. आमच्याकडे ती झडून गेली आणि वाशिमकडच्या लोकांनी ती वेगळ्या रूपात का होईना, जपून ठेवली. जो नियम मी तिला शिकवायला निघाले होते तो तिच्या बोलण्यात उघड दिसत होता आणि माझ्या बोलण्यात झाकलेला होता. आणि तिच्या वहीत तो मला दिसला तेव्हा मी राशीवरून विनोद केला होता.

हे सगळं मी तिला सांगितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं. व्याकरणाच्या दृष्टीनेही चूक आणि माणूस म्हणूनही. मला माफ करा."

तिने परात पुढे ओढून पीठ घेतलं. "माझी रास मीन नाही," ती म्हणाली. "वृषभ आहे."

मग तिने पिठात पाणी घातलं. मळता मळता म्हणाली, "आणि मला तुम्ही म्हणू नका आता. तू म्हणा."

"बरं," मी म्हणाले. "पण परीक्षेत मात्र 'मीनं' लिहू नकोस हं."

"माहीत आहे काकू. पेपर तपासणारे तुमच्यासारखेच असतील."

पुणं तिच्याही जिभेला लागलं होतं.

मराठीच्या पेपरला मी तिच्याबरोबर गेले. रिक्षात ती वही उघडून बसली होती, पण वाचत नव्हती. केंद्राबाहेर सतरा-अठरा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईवडील. ती त्या मुलांच्या रांगेत उभी राहिली, साडीचा पदर खोचून, हातात पारदर्शक पाऊच. तिच्या पुढच्या मुलीने वळून सांगितलं, "काकू, पालकांनी तिकडे थांबायचंय." तिने हॉल तिकीट दाखवलं. मुलगी ओशाळली आणि मग तिने आपलं पेन दाखवून विचारलं, हे चालेल ना. दोघी बोलत बोलत आत गेल्या.

मी फाटकाबाहेर एका कट्ट्यावर तीन तास बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलगी कुठल्या शाखेला?"

"मुलगी नाही, विद्यार्थिनी आहे माझी," मी सांगितलं. पूर्वी वर्गात साठ-साठ मुली असायच्या. एकीच्याही पेपरला मी अशी बाहेर बसून वाट बघितली नव्हती.

ती बाहेर आली ती घामाघूम. "कसा गेला?" मी विचारलं.

"शेपट्या पाहिल्या, लिहिलं," ती म्हणाली. "एका वाक्यात 'मी' होता. मनात 'मीनं' म्हणून पाहिलं. जमलं तिथे कर्मणी."

निकाल लागला त्या दिवशी तिने फोन केला नाही. साडेनऊला नेहमीसारखी आली, पिशवी ठेवली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. मराठीचे गुण मी चष्मा लावून दोनदा वाचले. काठावर पास नव्हे, चांगले होते. लेक खोलीतून बाहेर आली, तिने तिला मिठी मारली आणि मग, का कोण जाणे, मलाही मारली. लेकीने मला मिठी मारून किती वर्षं झाली होती ते मी आठवायच्या भानगडीत पडले नाही.

अंगणवाडीची जागा लगेच मिळाली नाही. अर्ज, कागद, पुन्हा कागद असं वर्षभर चाललं. त्या वर्षात ती आणखी दोघींना घेऊन आली. एक शेजारच्या इमारतीत धुणीभांडी करणारी, दुसरी एका मॉलच्या सफाईत. दोघींना दहावी करायची होती. दुपारी अडीच ते चार आमच्या हॉलमध्ये वर्ग भरू लागला. आता बेल वाजली की लेक म्हणते, "आई, तुझ्या मुली आल्या." मी वर्तमानपत्र खाली ठेवून उठते.

लेकीच्या बाबतीत घाई करायची नाही असं मी ठरवलं आहे. पण मागच्या दिवाळीत तिने फराळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या त्या मराठीत. एका चिठ्ठीवर एक वेलांटी चुकली होती. मी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे. चूक दाखवली नाही.

अखेर अंगणवाडीची जागा मिळाली आणि कामाला लागायच्या आधीच्या रविवारी पोळ्यांच्या बाईने मला घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ, भिंतीवर मुलीच्या शाळेचं वेळापत्रक. नवरा दारातच म्हणाला, "या मॅडम," आणि मग जरा चाचरत, "मी हसलो होतो तेव्हा. आता हीच हसते मले." गावाहून तिची आई आली होती. लहानखुरी, कपाळावर गोंदण. तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुमी काय शिकोता बाई?"

"मराठी," मी म्हणाले.

म्हातारीला नवल वाटलं. तिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मराठी? ते तं येतेच नं आपल्याले."

सगळे हसले, मीही हसले. "येतंच," मी म्हणाले. "मला ते जरा उशिरा कळलं."

तिने मान हलवली, जसं काही यात उशीर झाला तरी हरकत नाही, आणि माझ्या ताटात आणखी एक गरम भाकरी वाढली. मी नको म्हणाले नाही.